सोंगटी आणि काच

मे महिन्यात धाकटा नातू आमच्याकडे राहायला आला होता. येताना खेळण्यांची एक पिशवी घेऊन आला. तिच्यात प्लॅस्टिकचे चार प्राणी होते. हत्ती, सिंह, कासव आणि जिराफ. दिसायला अगदी गोजिरवाणे. प्रत्येकाच्या पायाखाली एक चपटी चकती आणि चकतीला खालच्या बाजूने तीन काळे रबरी ठिपके.

"हे टॅबवर ठेवायचे आजी, की टॅबला आपोआप कळतं हत्ती आला म्हणून. मग जंगल सुरू होतं."

मी म्हटलं, दाखव बघू. तर म्हणाला, "आता नाही होत. नवीन टॅब घेतला ना, त्याच्यावर तो गेम येतच नाही. हे मेलेत आता."

मेलेत! आठ वर्षांच्या मुलाने इतक्या सहजपणे सांगितलं की मला हसू आलं, आणि जरा वाईटही वाटलं. हत्तीची सोंड शाबूत, सिंहाची आयाळ शाबूत, रंगसुद्धा उडालेला नाही. तरी मेले.

इतिहास शिकवण्यात माझा जन्म गेला. त्यामुळे अशा एखाद्या वस्तूची वंशावळ काढल्याशिवाय मला चैन पडत नाही. टचस्क्रीनवर ठेवायच्या सोंगट्या ही कल्पना कुणाच्या डोक्यात आली, का आली, आणि त्या इतक्या लवकर मरतात का, याचा पुढचे दोन महिने शोध घेतला. मुलाने इंटरनेटवर शोधायला मदत केली. जे हाती लागलं आणि माझ्या डोक्यात शिरलं, ते इथे लिहिते आहे. कुठे चुकलं असेल तर जाणकारांनी जरूर सांगावं.

आधी आपल्या घरातल्या सोंगट्यांबद्दल थोडं. आमच्या माहेरी एक सारीपाट होता. आईच्या आईने शिवलेला. अधिक चिन्हासारखा कापडी पट, चार पट्ट्या, प्रत्येक पट्टीत आठ-आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे एकूण ९६ घरं. चार रंगांच्या चार-चार मिळून १६ लाकडी सोंगट्या, आणि कवड्या. श्रावणात दुपारी पट मांडला जायचा आणि दिवेलागणीला उचलला जायचा. डाव अर्धा राहिला तर पट तसाच ठेवून वर टोपली पालथी घालायची. दुसऱ्या दिवशी टोपली उचलली की डाव जिथे होता तिथून पुढे सुरू!

तेव्हा यात काही विशेष वाटलं नव्हतं. आता वाटतं. सोंगटी ही खेळाची आठवण असते. कोण कुठपर्यंत पोहोचलं, कुणाची घरी गेली, कुणाची मार खाऊन परत आली, हे सगळं पटावर मांडलेलं असतं. त्यासाठी वीज लागत नाही. शिवाय ती हातात धरता येते. धरलेली सोंगटी म्हणजे विचार चालू आहे, ठेवलेली म्हणजे चाल झाली. ठेवल्यावर हात काढला की मग बदल नाही, यावरून आम्हा बहिणींत किती भांडणं झाली असतील!

आता काचेकडे वळू. टचस्क्रीन म्हणजे अगदी अलीकडची गोष्ट अशी माझी समजूत होती. तसं नाही. इंग्लंडमधल्या माल्व्हर्न इथे रडार संशोधनाची सरकारी संस्था होती. तिथल्या ई. ए. जॉन्सन नावाच्या अभियंत्याने १९६५ साली एक छोटा लेख लिहून बोटाने चालणाऱ्या पडद्याची कल्पना मांडली. विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्या लोकांना टंकलेखनाची कटकट नको, पडद्यावर दिसतं त्याला सरळ बोट लावता यावं, हा हेतू. १९७२ च्या सुमारास अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या 'प्लेटो' नावाच्या शिकवणाऱ्या संगणकाला स्पर्शाचा पडदा आला. पडद्याच्या कडेने न दिसणाऱ्या अवरक्त किरणांची १६ बाय १६ ची जाळी, बोटाने किरण अडला की जागा कळायची. विद्यार्थी उत्तराला बोट लावायचे. आमच्या शाळेत तेव्हा खडू मोजून मिळत होते!

पण मला सगळ्यात गंमत वाटली ती जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या प्रयोगशाळेची. तिथे १९७० च्या दशकात एक प्रचंड यंत्र बांधलं जात होतं. त्याच्या नियंत्रणासाठी हजारो बटणं आणि खटके लावायचे तर भिंतीच्या भिंती भरल्या असत्या. म्हणून फ्रँक बेक आणि बेंट स्टुम्पे यांनी काचेवर तांब्याच्या अतिशय बारीक रेषांची रचना करून १६ बटणांचा पारदर्शक पडदा तयार केला. बटणांची नावं संगणक बदलणार, म्हणजे तीच १६ बटणं हजार कामांना पुरणार. १९७६ मध्ये यंत्र सुरू झालं तेव्हा नियंत्रण कक्षात हे पडदे होते. आणि त्या पडद्यांच्या जोडीला काय होतं? हाताने फिरवायची एक गोल खुंटी, आपल्या रेडिओला असायची तशी, आणि तळव्याने लोळवायचा एक गोळा. दोन्ही संगणकाला जोडलेले. म्हणजे ज्यांनी काच आणली, त्यांनीच तिच्या शेजारी धरायला, फिरवायला काहीतरी ठेवलं होतं. काय निवडायचं ते बोट सांगेल, पण किती आणि कुठवर हे जोखायला मुठीत काहीतरी हवं, हे त्यांना पहिल्यापासून कळलं होतं.

पुढे घरोघरी संगणक आले, ते कळफलक आणि माउस घेऊन. पडद्यावरची प्रत्येक वस्तू चित्र झाली. कागदाचं चित्र, कचऱ्याच्या टोपलीचं चित्र, पत्त्यांचं चित्र. तेव्हा काही जणांना ही गोष्ट खटकू लागली. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकणाऱ्या डरेल बिशप याने १९९२ मध्ये फोनवरचे निरोप घेणाऱ्या यंत्राचं एक डिझाइन केलं. निरोप आला की यंत्रातून एक गोटी बाहेर पडायची. तीन गोट्या दिसल्या, म्हणजे तीन निरोप. गोटी उचलून खळगीत ठेवली की निरोप ऐकू येणार. तीच गोटी फोनवर ठेवली की त्या माणसाला फोन लागणार. किती साधं! माझ्या आईलासुद्धा न शिकवता जमलं असतं.

मग हिरोशी इशी. हे जपानी संशोधक १९९५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत गेले. १९९७ मध्ये ब्रिग उल्मर या आपल्या विद्यार्थ्याबरोबर त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. संगणकातली माहिती काचेमागे कोंडून न ठेवता हाताला लागेल अशा वस्तूंत आणावी, असं त्यांचं म्हणणं. ते उदाहरण द्यायचे मण्यांच्या चौकटीचं. मणी सरकवला की आकडा बदलला, आणि आकडा बघायचा तर पुन्हा तोच मणी. लिहिणं आणि वाचणं एकाच जागी. त्यांची एक आठवणही त्यांनी लिहून ठेवली आहे. लहानपणी आई घरातला हिशेब मण्यांच्या चौकटीवर करायची. मण्यांचा आवाज येत असला की आई कामात आहे, आत्ता खेळायला येणार नाही, हे त्यांना न बघता समजायचं.

हे वाचलं आणि मी जरा थांबलेच. पहिलीच्या वर्गाजवळून जाताना मण्यांच्या चौकटीचा तो खडखड आवाज आणि चिंचोके ओतल्याचा आवाज मीही वर्षानुवर्षं ऐकला आहे. आत गणित चाललंय की दंगा, हे दाराबाहेरून कळायचं. आता मुलं टॅबवर बेरीज करतात, तेव्हा वर्ग अगदी शांत असतो. चाललंय काय ते बाहेरच्याला कळत नाही.

असो. विषयाकडे येते.

वस्तू पडद्यावर ठेवायची तर पडद्याने ती ओळखायला हवी. पहिला मार्ग होता कॅमेऱ्याचा. स्पेनमधल्या बार्सिलोनाच्या पॉम्पेऊ फाब्रा विद्यापीठात सर्जी जॉर्दा आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २००३ पासून एक वाद्य बनवायला घेतलं, 'रिअ‍ॅक्टेबल'. आतून उजळलेलं एक गोल टेबल. त्यावर ठोकळे ठेवायचे. ठोकळ्यांच्या तळाला अमीबासारखी वेडीवाकडी काळी-पांढरी चित्रं, आणि टेबलाच्या पोटात बसवलेला कॅमेरा ती चित्रं खालून वाचतो. एक ठोकळा सूर काढणार, दुसरा जवळ आणला की तो सूर बदलणार, ठोकळा फिरवला की आवाज चढणार. २००५ पासून त्याच्या जाहीर मैफली झाल्या आणि २००७ च्या दौऱ्यात ब्योर्क या प्रसिद्ध गायिकेने ते रंगमंचावर नेलं.

२००६ च्या जानेवारीत फिलिप्स कंपनीने अमेरिकेतल्या प्रदर्शनात 'एंटरटेबल' नावाचा पट मांडला. आडवा पडदा हाच पट, त्यावर खऱ्या सोंगट्या. २००७ च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने 'सरफेस' नावाचं टेबल जाहीर केलं. त्याच्याही पोटात कॅमेरे. ग्लास ठेवला तरी त्याला समजायचं. किंमत सुमारे १०,००० डॉलर! अर्थात ते हॉटेलांत आणि दुकानांत गेलं, घरांत नाही. २०१२ मध्ये कंपनीने 'सरफेस' हे नाव आपल्या टॅबला देऊन टाकलं आणि टेबलाचं नाव बदललं. पुढे ते टेबल बाजारातून गेलंच.

या सगळ्या टेबलांची अडचण उघड आहे. कॅमेऱ्याला अंतर लागतं, अंतराला पोट लागतं. अशी अवजड वस्तू कोण घरात आणणार? आणि त्याच वर्षी, २००७ मध्ये आयफोन आला. २०१० मध्ये आयपॅड. पाटीएवढा, पाटीसारखाच मांडीवर घ्यायचा पडदा घरोघरी पोहोचला. आता पट स्वस्त झाला. प्रश्न राहिला सोंगटीचा.

इथे थोडं विज्ञान सांगायला हवं. माझा विषय नाही, पण नातवाबरोबर प्रयोग करून समजून घेतलंय. या काचेत न दिसणाऱ्या वाहक रेषांची उभी-आडवी जाळी असते. तिच्यात विजेचा अगदी सूक्ष्म भार खेळवलेला असतो. आपलं शरीर वीज वाहून नेतं, म्हणून बोट जवळ आलं की त्या ठिकाणचा थोडा भार बोटाकडे ओढला जातो आणि काचेला जागा कळते. लाकूड, प्लॅस्टिक, नख यांचा तिला पत्ता लागत नाही. म्हणजे आमच्या आजीची सोंगटी आयपॅडवर ठेवली तर आयपॅडच्या दृष्टीने तिथे काहीच नाही. २०१० च्या हिवाळ्यात दक्षिण कोरियात लोक हातमोजे न काढता फोन चालवायला छोटे सॉसेज वापरू लागल्याची बातमी आली होती. मांसातून वीज वाहते, म्हणून काचेला ते बोटच वाटलं!

आम्ही लाकडी सोंगटीला स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळली. ती हातात धरून टॅबवर टेकवली की टॅब ओळखायचा. सोंगटी तिथेच ठेवून हात काढला की तिची ओळख पुसली जायची. नातवाने दहा वेळा करून बघितलं. कारण सोपं आहे. भार ओढून घेणारं मोठं शरीर म्हणजे आपण. आपण हात काढला की उरतो फॉइलचा इवलासा तुकडा, त्याची पोच कुठली?

म्हणजे बघा, सारीपाटात हात काढला की चाल पक्की होते. काचेवर हात काढला की सोंगटीच नाहीशी होते. सगळी गोम इथे आहे.

यावर लोकांनी डोकं चालवलं. २०११ च्या सुमारास 'फ्लिंग' नावाची वस्तू आली. पारदर्शक प्लॅस्टिकची, थेट चकलीसारखी गुंडाळी. कडेच्या रबरी चूषकांनी ती आयपॅडला चिकटवायची आणि मधल्या गोल भागावर अंगठा ठेवून हवा तिकडे ढकलायचा. सोडला की चकली त्याला पुन्हा मध्यावर आणणार. कारण नुसत्या काचेवर खेळताना अंगठा बटणाच्या चित्रावरून घसरून कुठे गेला ते पोरांना समजत नसे. त्याच वर्षी डिस्नेने 'अ‍ॅपमेट्स' आणले. सिनेमातल्या मोटारींचे छोटे नमुने, आयपॅडवर ठेवायचे. आयपॅड खालून रस्ता सरकवायचा. मोटारीच्या खिडक्यांवर दोन्ही बाजूंनी बोटं धरायची, म्हणजे बोटांतून वीज खालच्या ठिपक्यांपर्यंत पोहोचायची. ठिपक्यांमधली अंतरं प्रत्येक मोटारीत वेगळी, त्यावरून कुठली मोटार आली ते ओळखायचं. नातवाच्या हत्तीखालचे तीन ठिपके ते हेच! २०१२ मध्ये मॅटेल कंपनीनेही अशी खेळणी काढली. पण एका पडद्याला एकावेळी दहा-अकराच स्पर्श कळणार, आणि एका सोंगटीला तीन लागणार, तर पटावर सोंगट्या मावणार किती? तीन. सारीपाटाला सोळा लागतात.

हात सोडल्यावरही टिकणारी सोंगटी केली ती जर्मनीतल्या आखेन इथल्या विद्यापीठाने. २०१३ मध्ये तिथल्या संशोधकांनी एक युक्ती मांडली. काचेतल्या रेषा सगळ्या एकदम काम करत नाहीत, पाळीपाळीने करतात. मग सोंगटीच्या तळाचे दोन-तीन ठिपके आतून तारेने जोडून टाकले. एका ठिपक्याखालची रेष जागी असताना दुसऱ्या ठिपक्याखालची निजलेली असते, तिच्या वाटे भार निघून जातो. माणसाच्या हाताचं काम ती निजलेली रेषच करते. किती सुंदर विचार! पण तिथेही एक गोची होती. एकाच जागी बराच वेळ न हलणारा ठिपका दिसला की काच समजते, हा डाग किंवा पाण्याचा थेंब असणार, आणि त्याच्याकडे दुर्लक्ष करू लागते. काच बोटासाठी घडवलेली, आणि बोट कधी स्थिर बसत नाही. सोंगटीचा तर धर्मच मुळी बसून राहण्याचा.

तिसरा मार्ग २०१४ मध्ये आला तो 'ऑस्मो'चा. प्रमोद शर्मा आणि जेरोम शोलेर या दोघांनी गूगलमधून बाहेर पडून काढलेला. आयपॅड उभा ठेवायचा, त्याच्या कॅमेऱ्यावर एक छोटा आरसा अडकवायचा. आरशामुळे कॅमेऱ्याला समोरचं टेबल दिसतं. टेबलावर मुलं लाकडी तुकड्यांनी आकृती जुळवतात, अक्षरं मांडतात, आणि पडदा वरून बघून दाद देतो. सोंगटी काचेला शिवतच नाही, सोवळ्यातली! शाळांतही ते गेलं. २०१९ च्या जानेवारीत आपल्याकडच्या बायजूजने ती कंपनी १२ कोटी डॉलरना विकत घेतली. पुढे बायजूजचं काय झालं ते वर्तमानपत्रांतून आपण वाचलंच. २०२४ मध्ये इकडे बायजूज दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि तिकडे ऑस्मोची कंपनीही अमेरिकेतल्या दिवाळखोरीच्या न्यायालयात पोहोचली. बंगळूरच्या 'प्लेशिफू' या कंपनीनेही टॅबवर ठेवायच्या सोंगट्यांचे 'टॅक्टो' नावाचे संच काढले. म्हणजे कल्पना फिरून फिरून येतेच आहे.

आणि तरी एकही घरात रुजली नाही. असं का? सोंगट्या वाईट होत्या म्हणून नव्हे. त्यांचं आयुष्य त्यांच्या हातात नव्हतं म्हणून. सारीपाटाचे नियम आजीच्या डोक्यात होते. आजीकडून आईकडे, आईकडून आमच्याकडे आले. अ‍ॅपमेट्सच्या मोटारीचे नियम मोटारीत नव्हते आणि मुलाच्या डोक्यातही नव्हते. ते काचेमागच्या प्रोग्रॅममध्ये होते. पडद्याचं माप बदललं, आतली प्रणाली बदलली, कंपनीचं मन बदललं, की नियम गेले. मागे उरलेली सोंगटी पोरकी. रिअ‍ॅक्टेबलचीच गोष्ट बघा. हाताने उचलायचे ठोकळे हे ज्याचं सारं वैशिष्ट्य, त्या वाद्याची २०१० मध्ये फोनसाठी आवृत्ती निघाली. तिच्यात ठोकळे नव्हते. ठोकळ्यांची चित्रं होती!

इथवर वाचून कुणी म्हणेल, बिघडलं कुठे? चित्राच्या सोंगट्या हरवत नाहीत, पट धुवावा लागत नाही. खरं आहे. २०१६ मध्ये नवी मुंबईतल्या गेमशन कंपनीने 'लुडो किंग' काढला. आपल्याच पचिसीवरून इंग्लंडात ज्याचं १८९६ मध्ये पेटंट घेतलं गेलं, तो लुडो असा फिरून घरी आला. २०२० च्या टाळेबंदीत सगळा देश तो खेळत होता. आम्हीही खेळलो. पुण्याचा भाऊ, अमेरिकेतली भाची, मी आणि आमची ताई. त्या दिवसांत या खेळाचा मोठा आधार होता, हे मी नाकारणार नाही.

पण ताईने चौथ्याच दिवशी खेळ सोडला. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिला काचबिंदू आहे. समोरचं थोडं दिसतं, कडेचं दिसत नाही, रंग नीट कळत नाहीत. मी म्हटलं, अगं मी फोनवरून सांगते ना तुला, कुठली चाल करायची ते. तर म्हणाली, "मग तूच खेळ की. माझी सोंगटी कुठाय ते माझ्या हाताला कळायला पाहिजे."

मी त्यावर काही बोलले नाही. तेव्हा ती थकली असेल म्हणून सोडून दिलं. पण हा सगळा इतिहास वाचताना तिचं ते वाक्य सारखं आठवत होतं. जगातली मोठमोठी विद्यापीठं तीस वर्षं ज्याच्या मागे होती, ते ताईने एका ओळीत सांगितलं होतं.

आणि ही गोष्ट खेळापुरतीच नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सिंगापूरजवळ अमेरिकेची 'जॉन एस. मॅकेन' ही युद्धनौका एका तेलवाहू जहाजावर आदळली. दहा खलाशी गेले. नौकेचं सुकाणू आणि वेग टचस्क्रीनवर होते. कुठल्या पडद्याकडे कशाचा ताबा आहे, यात खलाशांचा गोंधळ झाला. कारणं आणखीही होती, पण चौकशीनंतर २०१९ मध्ये नौदलाने वेगाचे दांडे पुन्हा हाताने धरायचे करण्याचं ठरवलं. दांडा पुढे आहे की मागे, हे अंधारात, घाबरलेल्या माणसालाही हाताने समजतं. युरोपात मोटारींच्या सुरक्षिततेला तारे देणाऱ्या 'युरो एनकॅप' या संस्थेनेही २०२६ पासूनच्या नियमांत इंडिकेटर, हॉर्न, वायपर अशा गोष्टींसाठी खरी बटणं किंवा खटके हवेत असं म्हटलं आहे. म्हणजे सर्नमधली ती काचेशेजारची खुंटी पन्नास वर्षांनी परत आली म्हणायची.

मी काचेची वैरी नाही. हा लेखही काचेवरच वाचताय तुम्ही. नातवंडांची तोंडं मला काचेतूनच दिसतात. मात्र आता खेळणं विकत घेताना मी एक प्रश्न विचारते. पडदा विझल्यावर या वस्तूचं काय उरेल? ऑस्मोचे लाकडी तुकडे विझलेल्या पडद्यासमोरही जुळवता येतात. अक्षरांच्या फरश्यांनी शब्द करता येतात. डिस्नेची मोटार निदान फरशीवरून पळवता येते. चकलीसारख्या गुंडाळीचं मात्र काहीच करता येत नाही. ज्याचं काही उरतं ते घ्यावं, एवढं साधं गणित.

नातवाच्या प्राण्यांचं पुढे काय झालं ते सांगते आणि थांबते.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी ताई आठ दिवस माझ्याकडे राहायला आली होती. मी ट्रंकेतून पट काढला. किती वर्षांनी! कापड विरलंय, पण घरांच्या शिवणी अजून बोटाला लागतात. सोंगट्या मोजल्या तर हिरव्या चारपैकी दोनच. दोन कुठे गेल्या देव जाणे. नातू म्हणाला, "आजी, माझे प्राणी घे ना. ते तसेही मेलेलेच आहेत."

ते चारही ताईला दिले. तिने एकेक हातात घेऊन चाचपला. सोंडेवरून हत्ती, पाठीवरून कासव, मानेवरून जिराफ. लाकडी सोंगट्या सगळ्या सारख्या, रंगावरून ओळखायच्या, त्यामुळे गेली कित्येक वर्षं ती सारीपाटसुद्धा खेळली नव्हती. आपली कुठली आणि दुसऱ्याची कुठली हेच तिला कळायचं नाही. आता शंकाच नव्हती. जिला सोंड ती तिची, जिला नुसतं गोल डोकं ती दुसऱ्याची. दान पडलं की ती डाव्या हाताने शिवणी मोजायची आणि उजव्या हाताने कासव पुढे सरकवायची. कुणी मदत करायला गेलं की हात बाजूला करायची.

पहिल्याच दुपारी तिने नातवाची दोन घरांवर आलेली सोंगटी मारली. तो रडवेला झाला. "मावशीआजी, तुला दिसत नाही ना, मग कसं कळलं?"

ताई म्हणाली, "हत्तीने सांगितलं."

डाव अर्धा राहिला तेव्हा दिवेलागण झाली होती. मी पटावर टोपली पालथी घातली.